सत्काराला उत्तर देताना

कुणी गाडीत असाल, कुणी पोळ्या लाटता लाटता ऐकत असाल, कुणी मुलांना उद्याच्या शाळेची बॅग भरायला लावत असाल. सगळ्यांचं स्वागत.

मे महिना संपत आला. नेपरव्हिलमध्ये संध्याकाळी चालायला निघालं की दर चार-पाच घरांमागे एका घराच्या हिरवळीवर पाटी दिसते: या घरातल्या मुलानं किंवा मुलीनं यंदा हायस्कूल पार केलं. म्हणजे आता पुढचे सहा आठवडे ग्रॅज्युएशन पार्ट्या. गराजमध्ये टेबलं लागणार, रूट ५९ वरून समोसे-ढोकळ्याचे ट्रे येणार, आणि केक कापायच्या आधी कुणीतरी काका हमखास ओरडणार, "अरे, स्पीच! स्पीच!"

मग काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. मुलगा खांदे पाडून पुढे येतो. "थँक यू एव्हरीवन फॉर कमिंग. अं... एन्जॉय द फूड." सात सेकंद. पहिल्या रांगेत घडीच्या खुर्चीवर त्याची आजी बसलेली असते. त्याच्यासाठी पुण्याहून वीस-बावीस तासांचा प्रवास करून आलेली असते. सगळे टाळ्या वाजवतात म्हणून तीही वाजवते.

मुलाला हसू नका. आपण मोठे काय वेगळं करतो? मंडळाच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ मिळालं की आपण म्हणतो, "मी खरं तर बोलणार नव्हतो, पण आग्रहास्तव दोन शब्द." ते दोन शब्द पंधरा मिनिटं चालतात. शेवटी, "आभार मानून मी आपल्या ऋणातून मुक्त होऊ इच्छित नाही." आणि वर, "अनवधानानं कुणाचं नाव राहिलं असेल तर क्षमस्व." तोवर मागच्या रांगा जेवणाच्या लाइनीत लागलेल्या असतात.

मी आयटी कन्सल्टंट आहे. नोकरी करता करता एमबीए केलं, त्यात प्रेझेंटेशन कसं करावं याचा अख्खा कोर्स होता. सुरुवात कशी करा, आकडे कसे मांडा, प्रश्न कसे हाताळा, सगळं शिकवलं. शेवटच्या स्लाइडवर फक्त 'थँक यू' लिहिलेलं असायचं. त्या स्लाइडवर कुणी एक मिनिट घालवलं नाही. आज आपण त्या शेवटच्या स्लाइडबद्दल बोलू. पुरस्कार घेताना, सत्काराला उत्तर देताना माणसं काय बोलली, आणि त्यातून आपल्या गराजमधल्या स्पीचसाठी काय उचलता येईल, ते बघू.

आणि मी हा विषय का घेतला, तेही सांगतो. कारण मी स्वतः या परीक्षेत नापास झालेलो आहे.

२०१३ सालचा ऑक्टोबर. मी तेव्हा ज्या कंपनीत होतो, तिनं मला वर्षाचा एक पुरस्कार दिला. शिकागो डाउनटाउनमधलं मोठं हॉटेल, गोल टेबलं, पांढरे रुमाल. माझे आई-बाबा तेव्हा मिरजेहून सहा महिन्यांसाठी आले होते. बाबांनी कपाटातून त्यांचा एकुलता एक कोट काढला, माझ्या लग्नात शिवलेला. आईनं पैठणी नेसली. बायको, पाच वर्षांची मुलगी, आई, बाबा, सगळे एका टेबलावर.

माझं नाव पुकारलं. मी गेलो आणि दीड मिनिट बोललो. क्लायंटचे आभार मानले. लीडरशिपचे मानले. दोन टाइमझोनमधल्या टीमचे मानले. 'स्टेकहोल्डर्स' हा शब्द मी दोनदा वापरला, हे मला आजही आठवतं. टाळ्या झाल्या, फोटो झाला.

परतताना गाडी आय-८८ वर लागली आणि मागच्या सीटवरून बाबांनी विचारलं, "काय रे, आमचं काही आलं का त्या भाषणात? ते भराभर इंग्रजी मला नीट कळलं नाही."

मी रस्त्याकडे बघत म्हटलं, "हो, आलं की."

एवढंच. ते म्हणाले, "बरं, बरं." बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. या गोष्टीचा पुढचा भाग नंतर सांगतो. आधी धडे.

पहिला धडा: यादी खिशात असू द्या.

तारीख १६ नोव्हेंबर २०१३, म्हणजे माझ्या त्या भाषणानंतर महिन्याभरानं. वानखेडेवर सचिन तेंडुलकरची दोनशेवी आणि शेवटची कसोटी वेस्ट इंडीजविरुद्ध तिसऱ्याच दिवशी जेवणाआधी संपली. मुंबईत दुपारचे बारा वाजत आले होते, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारची मध्यरात्र उलटून गेलेली. मी आणि बाबा बेसमेंटमध्ये पांघरुणं घेऊन बसलो होतो.

तो सामना काही पुरस्कार समारंभ नव्हता. पण सचिन हातात माइक घेऊन उभा राहिला आणि त्यानं साधारण वीस मिनिटं जे केलं, ते सत्काराला उत्तरच होतं. माझ्या मते मराठी माणसानं दिलेलं आजवरचं सर्वांत चांगलं उत्तर. सुरुवातीलाच त्यानं लोकांना शांत व्हायला सांगितलं, नाहीतर आपल्याला आणखी भरून येईल म्हणाला. आणि पुढे म्हणाला, की आयुष्यात पहिल्यांदाच मी यादी घेऊन आलोय, कुणाचं नाव विसरू नये म्हणून.

विचार करा. चोवीस वर्षं आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळलेला माणूस, त्याच्यासमोर तीस हजारांवर लोक, जगभर टीव्ही चालू. आणि तो सरळ सांगतो, माझ्या हातात कागद आहे. त्यानं कुणालाही त्याची किंमत कमी वाटली नाही. उलट वाटलं, यानं घरी बसून विचार केलाय.

आपल्याला वाटतं मनापासून बोलायचं तर कागद नको. खरं उलटं आहे. मन भरून आलं की पहिल्यांदा डोक्यातून नावंच जातात. हॉलिवूडची हिलरी स्वँक २००० साली ऑस्कर घेताना स्वतःच्या नवऱ्याचं नाव घ्यायला विसरली. नवरा समोर बसलेला, डोळे पुसत. पाच वर्षांनी तिला दुसरं ऑस्कर मिळालं, तेव्हा तिनं नावांची सुरुवात त्याच्यापासून केली. आपल्याला दुसरं ऑस्कर मिळेलच असं नाही. म्हणून यादी. फोनवर नको, कागदावर. फोन ऐन वेळी लॉक होतो, आणि त्यात डोकं घातलेला माणूस मेसेज वाचतोय असं वाटतं.

दुसरा धडा: नावासोबत एक प्रसंग द्या.

सचिनची यादी लांब होती. आई-वडील, काका-काकू, भावंडं, बायको, मुलं, सासू-सासरे, मित्र, प्रशिक्षक, असोसिएशन, सहकारी, डॉक्टर, मॅनेजर, पत्रकार. एवढी नावं मंडळाच्या स्टेजवर वाचली तर लोक झोपतील. तिथे कुणी झोपलं नाही, कारण बहुतेक माणसासोबत एक चित्र होतं.

वडील, म्हणजे मराठीचे प्राध्यापक आणि कवी रमेश तेंडुलकर, १९९९ मध्ये गेले. त्यांच्याबद्दल तो म्हणाला, की अकराव्या वर्षी त्यांनी मला मोकळीक दिली आणि सांगितलं, स्वप्नामागे जा पण आडवाटेनं जाऊ नकोस. शाळा घरापासून लांब, म्हणून चार वर्षं काका-काकूंकडे राहिला. दमून आलेल्या मुलाला काकू भरवायची, पुन्हा खेळायला जाता यावं म्हणून. पहिली बॅट बहिणीनं दिली, काश्मीर विलोची, आणि ती अजूनही माझ्या बॅटिंगच्या दिवशी उपास करते. भाऊ अजितचा तर आदल्या रात्रीही फोन आला, मी कसा आउट झालो यावर चर्चा करायला!

आणि आचरेकर सर. ते त्या दिवशी स्टेडियममध्ये आले होते. सर स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, दिवसात दोन सामने व्हावेत म्हणून. आणि एकोणतीस वर्षांत सरांनी एकदाही 'चांगला खेळलास' म्हटलं नाही, पोरगं हवेत जाईल म्हणून. मग सचिन म्हणाला, आता माझ्या आयुष्यात सामनाच उरला नाही, तेव्हा सर, आता म्हणायला हरकत नाही.

बघा, 'माझ्या गुरूंचे मी आभार मानतो' या वाक्यात काहीच दिसत नाही. स्कूटर दिसते. आम्ही डेटावाले म्हणतो, की नुसती नोंद साठवून उपयोग नाही, ती शोधायला खूण लागते. माणसाच्या आठवणीची खूण म्हणजे वस्तू. बॅट, स्कूटर, ताट. तुमच्या मुलाला सांगा, "थँक यू आई-बाबा" म्हणू नकोस. म्हण, "बाबा, तुम्ही तीन वर्षं पहाटे पाच वाजता मला पोहायला सोडायचात आणि गाडीतच लॅपटॉप उघडून कॉल घ्यायचात." पाहा काय होतं ते.

यादी लांब असेल तर एक साधी युक्ती. घरच्या आणि गुरूच्या माणसांना एकेक प्रसंग, आणि बाकीच्यांना गटानं एकच वाक्य. सगळ्यांना सारखं माप द्यायला गेलात की कुणाच्याच वाट्याला काही येत नाही.

(इथे छोटी विश्रांती)

परत स्वागत, मंडळी. तिसरा धडा आपल्यासारख्या परदेशातल्या घरांसाठी सर्वांत मोठा आहे. ज्याचे आभार, त्याची भाषा.

१९७६ सालचं ऑस्कर. लुईज फ्लेचर नावाच्या अभिनेत्रीला 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट' या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. तिचे आई आणि वडील दोघंही कर्णबधिर. घरी टीव्हीसमोर बसून ते बघत होते. तिनं आधी सगळ्यांचे आभार मानले. मग म्हणाली, आता थोडं आई-वडिलांसाठी. आणि तोंडानं बोलता बोलता दोन्ही हातांनी सांकेतिक भाषेत सांगू लागली, की तुम्ही मला स्वप्न बघायला शिकवलंत, आणि आज ते खरं झालेलं तुम्ही बघताय. सभागृहातल्या लोकांना त्या खुणा कळल्या नाहीत. ज्यांना कळायला हव्या होत्या, त्यांना कळल्या.

२००९ साली ए. आर. रहमानला 'स्लमडॉग मिलियनेअर'साठी दोन ऑस्कर मिळाली. लॉस एंजेलिसच्या स्टेजवर, इंग्रजी भाषणात, तो मध्येच एक वाक्य तमिळमध्ये बोलला: सगळं श्रेय देवाचं. दिलगिरी व्यक्त केली नाही. चेन्नईत ज्यांनी ते ऐकलं, त्यांना ते वाक्य आपल्या दारात येऊन सांगितल्यासारखं वाटलं असणार. आणि त्यामुळे समोरचे अमेरिकन प्रेक्षक काही उठून गेले नाहीत.

२०२० मध्ये दक्षिण कोरियाचा दिग्दर्शक बाँग जून हो यानं तर बहुतेक सगळं भाषण कोरियनमध्ये केलं, शेजारी दुभाषी घेऊन. त्याला 'पॅरासाइट'साठी ऑस्कर मिळालं होतं. जगानं ते डोक्यावर घेतलं.

आपली मुलं मराठी बोलताना का अडखळतात? चुकलं तर सगळे हसतील म्हणून. 'माझा आजी' म्हटलं की आपण मावशा-काका खो-खो हसतो, मग पोरगं सहा वर्षं मराठी बोलत नाही. म्हणून माझं म्हणणं, अख्खं भाषण मराठीत करायला लावू नका. इंग्रजीत बोलू दे. फक्त आजीचं वाक्य मराठीत असू दे. एकच वाक्य, आधी दहा वेळा म्हणून बघितलेलं. आणि चुकलं तर हसायचं नाही, हा नियम आपल्यासाठी.

आणि हो, ज्यांना आपण 'त्यांना इंग्रजी कळत नाही' म्हणून सोडून देतो, त्यांना बरंच कळत असतं. यावर परत येतो.

चौथा धडा, लवकर उरकतो, कारण तो वेळेबद्दलच आहे. ऑस्करला विजेत्यांना ४५ सेकंद दिलेले असतात, नंतर वाद्यवृंद वाजायला लागतो. १९९१ साली जो पेशी अवघे पाच शब्द बोलून उतरला. उलट २०२५ मध्ये एड्रियन ब्रॉडी ५ मिनिटं ४० सेकंद बोलला आणि त्यानं १९४३ पासूनचा ग्रीअर गार्सनचा विक्रम मोडला. तो विक्रम आता आपल्याला मोडायचा नाही.

या बाबतीत एक अभिमानाची गोष्ट सांगतो. आज जगभर पसरलेल्या टोस्टमास्टर्सची पहिली बैठक कुठे झाली? आपल्या इलिनॉयमध्ये. राल्फ स्मेडली नावाच्या माणसानं ब्लूमिंग्टनच्या वायएमसीएमध्ये १९०५ मध्ये तरुणांसाठी बोलायचा सराव सुरू केला. इथून आय-५५ धरून दोन तासांवर. पुढे १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता अ‍ॅना इथे आजच्या संस्थेचा पाया घातला गेला. त्यांच्या बैठकीत हिरवा, पिवळा, लाल दिवा असतो. हिरवा म्हणजे किमान वेळ झाली, पिवळा म्हणजे आवरतं घ्या, लाल म्हणजे संपवा. आणि एक जण फक्त तुमचे 'अं... अं...' मोजतो! मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात असा लाल दिवा आणायची सूचना मी करणार आहे. मत देताना माझी आठवण ठेवा.

घरच्या पार्टीसाठी दोन मिनिटं पुरेत. मी मोबाइलवर वेळ लावून बघितलं आहे. सावकाश बोललं तर दोन मिनिटांत तीन छोटे प्रसंग आरामात बसतात.

पाचवा धडा: मान वाटून घ्या.

सोलापूर जिल्ह्यातल्या पारितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइज जाहीर झालं. रक्कम दहा लाख डॉलर. कोविडमुळे समारंभ ऑनलाइन होता. लंडनहून स्टीफन फ्रायनं नाव पुकारलं आणि पडद्यावर आपले डिसले गुरुजी घरच्यांच्या मिठीत दिसले. त्यांनी काय जाहीर केलं? बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून देणार. प्रत्येकाला साधारण ५५ हजार डॉलर. शिक्षक नेहमी देण्यावर आणि वाटण्यावर विश्वास ठेवतात, असं त्यांचं म्हणणं. त्या एका निर्णयानं बाकीचे नऊ जण हरलेले राहिले नाहीत.

आपल्याकडे वाटायला पाच लाख डॉलर नसतील. पण प्रकाश वाटता येतो. बाँग जून होनं दिग्दर्शनाचं ऑस्कर घेताना सांगितलं, की मी शिकत असताना एक वाक्य मनात कोरून ठेवलं होतं: जे सर्वांत खासगी, तेच सर्वांत सर्जनशील. ते वाक्य मार्टिन स्कॉर्सेसीचं, असं सांगून त्यानं समोर बसलेल्या स्कॉर्सेसीकडे हात केला. स्कॉर्सेसी त्याच पुरस्काराच्या शर्यतीत होता आणि हरला होता. अख्खं सभागृह त्याच्यासाठी उभं राहिलं. जिंकलेल्या माणसानं हरलेल्याला उभं राहून टाळ्या मिळवून दिल्या. तुमच्या मुलीला रोबोटिक्सची ट्रॉफी मिळेल, तेव्हा तिला आठवण करून द्या की रात्री दोनपर्यंत वायरी जोडणारी तिची मैत्रीण तिसऱ्या रांगेत बसली आहे.

आणि वाटण्याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे सिंधुताई सपकाळ. वर्धा जिल्ह्यातली, चौथीपर्यंत शिकलेली बाई. अनाथ मुलांची माई झाली. शेकडो पुरस्कार मिळाले, २०२१ मध्ये पद्मश्री. पण पद्म पुरस्कार घेताना भाषण नसतं. नाव पुकारतात, राष्ट्रपतींकडून पदक घ्यायचं, नमस्कार करून परत फिरायचं. माईंची खरी भाषणं गावोगावच्या सत्कारांत झाली. नऊवारी नेसून त्या उभ्या राहायच्या, लोकांना रडवायच्या, हसवायच्या, आणि शेवटी मुलांसाठी पदर पसरायच्या. भाषण केलं तर राशन मिळतं, असं त्या उघड सांगायच्या. सत्काराच्या पैशातून त्यांनी मुलांच्या निवाऱ्यासाठी जागा घेतल्या. ४ जानेवारी २०२२ ला त्या गेल्या. मला त्यांच्याकडून इतकंच शिकता आलं, की माइक हातात आला की तो फक्त आपल्यासाठी नसतो. दोन मिनिटांतली वीस सेकंदं दुसऱ्या कुणाच्या तरी कामासाठी वापरता येतात.

आता माझी गोष्ट पुरी करतो.

त्या नोव्हेंबरच्या रात्री बेसमेंटमध्ये सचिन बोलत होता. यादीचा कागद बघून बाबा हळूच म्हणाले, "विसरायला नको म्हणून लिहून आणलंय बघ." त्यांच्या आवाजात टोमणा अजिबात नव्हता. त्यांना ते खरंच आवडलं होतं. मी मात्र पांघरुणात आणखी आत सरकलो.

कारण माझ्याकडेही एक स्कूटर होती. १९९६ साली मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. बाबा रेल्वेत पार्सल ऑफिसला क्लार्क. त्यांनी सोसायटीचं कर्ज काढलं आणि पुण्याहून माझ्यासाठी जुळवलेला कॉम्प्युटर आणला. तेव्हाचे मॉनिटर म्हणजे मोठं गाठोडं. ते सामानात ठेवलं तर फुटेल, म्हणून पुण्यापासून मिरजेपर्यंत पॅसेंजरमध्ये त्यांनी तो मांडीवर धरून आणला. रात्रभर. घरी पोचले तेव्हा दोन्ही पाय सुजलेले. मी काय म्हणालो? "माउस आणलात ना?"

हे सगळं त्या हॉटेलात मला वीस सेकंदांत सांगता आलं असतं. इंग्रजीतही. मांडीवरचा मॉनिटर कुणालाही कळला असता.

बाबा २०१७ मध्ये गेले. तेराव्याच्या दिवशी नातेवाइकांसमोर मी ती मॉनिटरची गोष्ट सांगितली. सगळ्यांचे डोळे ओले झाले. चांगलं भाषण झालं, असं मला दोघांनी सांगितलंसुद्धा. ज्यांनी ऐकायला हवं होतं, ते भिंतीवर फोटोत होते.

त्या रात्री आईजवळ बसलो होतो. मी तिला ते गाडीतलं खोटं सांगून टाकलं. आई म्हणाली, "अरे, त्यांना कळलं होतं. पस्तीस वर्षं रेल्वेची पत्रं इंग्रजीतच लिहायचे ते. तुझा शब्दन् शब्द कळला होता त्यांना."

मी विचारलं, "मग मला का विचारलं?"

आई म्हणाली, "तू सांगशील म्हणून."

बाबा मला दुसरी संधी देत होते, मंडळी. पुरस्काराची नाही, आभाराची. गाडीत, अंधारात, स्टेजशिवाय. मी तीही घालवली.

म्हणून आजचा शेवटचा धडा पुरस्कारांच्या भाषणांतला नाही. आभाराला मुदत असते आणि ती कागदावर छापलेली नसते. सत्यजित राय यांना १९९२ मध्ये जीवनगौरव ऑस्कर मिळालं, तेव्हा ते कोलकात्यात हॉस्पिटलच्या बेडवर होते. ऑड्री हेपबर्ननं नाव जाहीर केलं आणि त्यांचं भाषण पडद्यावर दाखवलं. ती बाहुली छातीशी धरून, थकलेल्या आवाजात, त्यांनी सांगितलं की सिनेमाची कला मी अमेरिकन चित्रपटांकडून शिकलो. लहानपणी कुठल्या नटीला पत्र लिहिलं, कुणी उत्तर दिलं, कुणी दिलं नाही, तेही मिश्कीलपणे सांगितलं. नंतर महिना व्हायच्या आत ते गेले. त्यांनी वेळेत आभार मानून घेतले.

आता गृहपाठ. एमबीएवाला आहे, गृहपाठाशिवाय सोडणार नाही. या आठवड्यात घरातल्या प्रत्येकानं एका कागदावर तीन ओळी लिहायच्या. पहिली ओळ: कुणाचे आभार. दुसरी: त्यांचा एक प्रसंग, ज्यात एखादी वस्तू दिसते. तिसरी: त्यामुळे मी आज काय करू शकतो. ज्याचे आभार त्याच्या भाषेत. मोठ्यानं वाचा, वेळ लावा. अर्ध्या मिनिटात बसेल. असे चार कागद जमले की तुमचं ग्रॅज्युएशनचं, निवृत्तीचं, अरंगेत्रमचं भाषण तयार.

माझी मुलगी यंदा अकरावीत आहे. गेल्या महिन्यात शाळेत तिला छोटंसं बक्षीस मिळालं. ती इंग्रजीत बोलली, आणि शेवटी आमच्या टेबलाकडे वळून तिच्या आजीला मराठीत म्हणाली, "आजी, तू रोज रात्री व्हिडिओ कॉलवर माझं पाढे म्हणणं ऐकायचीस, झोप आली तरी." 'पाढे'मधला 'ढ' तिनं 'ड' म्हटला. कुणी हसलं नाही. आईनं पदर डोळ्यांना लावला आणि मला विचारलं, "तू शिकवलंस का हे?"

मी म्हटलं, "नाही. बाबांनी."

घड्याळ बघा. इथे संध्याकाळचे साडेसात वाजलेत. तिकडे सकाळचे सहा. गॅसवर चहा चढला असेल, फोन हाताशीच असेल. आपला कार्यक्रम संपला की लगेच लावा. बक्षीस मिळायची वाट बघू नका.

पुन्हा भेटू. नमस्कार.